पोपट वाचवायचे आहेत? मराठवाड्यातल्या पक्षीमित्रांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा असो, कृषी मेळावा असो की तलावाकाठची पक्षीमोजणी, पक्ष्यांचा विषय निघाला की पोपट येतोच. माळढोक किंवा क्रौंच पाहिलेली माणसं आपल्याकडे थोडी, पण पोपट न पाहिलेला माणूस सापडायचा नाही. पैठणीच्या काठावर मोराच्या जोडीला विणकरांची जी हिरवी ‘मुनिया’ असते, तीही पोपटच. विचारणारे बहुतेक जण पिंजऱ्यातल्या पोपटाबद्दल विचारतात आणि आम्हाला मात्र दर वेळी बांधावरच्या जुन्या झाडाबद्दल बोलावं लागतं. कारण मराठवाड्यात पोपट वाचवायचा म्हणजे मुख्यतः दोनच गोष्टी करायच्या आहेत. ढोली असलेलं झाड उभं ठेवायचं आणि पिल्लांचं गिऱ्हाईक व्हायचं नाही.

मराठवाड्यात पोपटांच्या किती जाती दिसतात?

तीन. रोज दिसतो तो कीर, म्हणजे आपला राघू. शेपटीसकट साधारण ४० सेंटिमीटर. नराच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी असते, मादीला नसते. गाव, शहर, शेत, जुना वाडा, कुठंही राहतो.

दुसरा तुईया. अंगानं लहान, नराचं डोकं लाल-जांभळं, मादीचं निळसर करडं, चोच पिवळसर आणि शेपटीचं टोक पांढरं. किराच्या कर्कश ओरडण्यापुढे याचा ‘टुई, टुई’ आवाज फारच गोड वाटतो. हा डोंगरझाडीतला पक्षी. गौताळा, येडशीचा रामलिंग घाट, किनवट-माहूरचा पट्टा अशा ठिकाणी त्याला शोधायचं.

तिसरा करण. तिघांत सर्वांत मोठा, लांबी ६० सेंटिमीटरपर्यंत. जाडजूड लाल चोच आणि खांद्यावर लाल पट्टा, ही त्याची खूण. बाजारात याला ‘पहाडी’ म्हणतात. जुनी, उंच, रुंद बुंध्याची झाडं असतील तिथंच तो टिकतो, त्यामुळे आपल्याकडे विरळच. दिसला तर जागा, तारीख, वेळ लिहून ठेवा.

पोपट तर थव्यांनी दिसतात. मग ते धोक्यात कसे?

प्रश्न रास्त आहे. कीर आणि तुईया यांना कुठल्या जातीला किती धोका आहे ते नोंदणाऱ्या जागतिक लाल यादीत आज धोक्यातले मानलेलं नाही. करण मात्र संकटाच्या उंबरठ्यावरचा पक्षी म्हणून नोंदलेला आहे आणि त्याला तिथवर आणण्यात पिल्लांच्या चोरट्या व्यापाराचा मोठा वाटा आहे. जगात पोपटांच्या सुमारे ४०० जाती आहेत आणि त्यांतल्या चौथ्या हिश्शाहून अधिक धोक्यात आहेत. इतकी वाईट स्थिती पक्ष्यांच्या फार थोड्या कुळांची आहे.

थवे दिसतात म्हणून निर्धास्त राहायचं, हे अमेरिकेनं करून पाहिलेलं आहे. तिथं कॅरोलिना पोपट नावाचा हिरवा-पिवळा पक्षी मोठमोठ्या थव्यांनी राहायचा. फळबागांचं नुकसान करतो म्हणून शेतकरी गोळ्या घालत, टोप्यांवर लावायच्या पिसांसाठी शिकारी मारत, पिंजऱ्यांसाठी पकडले जात आणि नदीकाठची जंगलं तुटत गेली ती वेगळीच. या पक्ष्याची एक सवय त्याच्या मुळावर आली. थव्यातला एक पडला की बाकीचे पळून न जाता त्याच्याभोवती घिरट्या घालत, आणि त्यामुळे थवाच्या थवा एका जागी मारला जाई. शेवटचा नर, त्याचं नाव इंकास, २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पोपट बरीच वर्षं जगतो. एखाद्या गावात दरसाल सगळी पिल्लं चोरीला गेली तरी म्हातारे पक्षी काही वर्षं दिसतच राहतात. लोकांना वाटतं, आहेत की पोपट. मग एके वर्षी ते दिसेनासे होतात आणि नेमकं काय झालं ते कुणाला सांगता येत नाही.

घरात पोपट पाळणं खरंच गुन्हा आहे का?

हो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार देशी पोपट पकडणं, बाळगणं, विकणं, विकत घेणं, सगळंच बेकायदा आहे. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून पूर्ण बंदी आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून आपले तिन्ही पोपट अनुसूची २ मध्ये, म्हणजे कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अंडी किंवा पिल्लं काढणं, घरटं मोडणं हेसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच.

पोपटाकडून पाकीट उचलायला लावून भविष्य सांगणाऱ्यांनाही हाच कायदा लागू आहे.

दुकानदार म्हणतो, ‘हा ब्रीडिंगचा आहे, याला कायदा लागत नाही.’

देशी जातीला ही सवलत नाही. पिंजऱ्यात जन्मला असं सांगितल्यानं राघू कायद्याबाहेर जात नाही. तसंही जे पिल्लू ब्रीडिंगचं म्हणून समोर येतं ते बहुतेक वेळा ढोलीतून काढलेलंच असतं. ते ओळखायचं कसं? फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत टोपलीत किंवा खोक्यात एकाच वयाची पिल्लं एकमेकांवर रचल्यासारखी बसलेली दिसतात. पिसं अजून कोंबात असतात, पोट फुगलेलं, छातीवर भिजवलेल्या डाळीचा किंवा बेसनाचा वाळलेला लगदा. खांद्यावर लालसर छटा दिसली की करणचं पिल्लू. त्याला भाव जास्त, म्हणून चोरीही त्याचीच जास्त. यांतली कितीतरी पिल्लं विकली जाण्याआधीच मरतात. घरी आणलेल्या एका पोपटामागे ढोलीपासून बाजारापर्यंत मेलेले बाकीचे आपल्याला कुणी दाखवत नाही.

घासाघीस करू नका, ‘सोडवून’ घेऊ नका. जागा लक्षात ठेवा आणि वन विभागाला १९२६ वर फोन करा.

मग लव्हबर्ड, कॉकटेल, आफ्रिकन ग्रे यांचं काय?

आपल्याकडे दुकानात ज्याला लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातलं बजरीगर असतं. ते आणि कॉकटेल गेल्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच वाढवले जातात. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ करारात जवळजवळ सगळे पोपट येतात, पण हे दोघे येत नाहीत. त्यामुळे त्यांना नोंदणी लागत नाही.

आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा हे वेगळं प्रकरण आहे. २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी घरी असेल तर केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करावीच लागते. आफ्रिकन ग्रे माणसासारखा बोलतो म्हणून जगभर पकडला गेला. घानात १९९२ पासून त्याची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. २०१६ मध्ये तो ‘संकटग्रस्त’ ठरला आणि त्याच वर्षी जंगलातून पकडलेल्या पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला.

आमचं मत विचाराल तर कायदा परवानगी देतो म्हणून घ्यायलाच पाहिजे असं नाही. ज्याला दिवसभर थव्याची संगत लागते त्याला आपण एकटं कोंडतो. पिसं उपटणारा, पिंजऱ्याच्या गजावर डोकं घासणारा पोपट पाहिला असेल तर जास्त सांगायची गरज नाही.

आमच्या घरी आधीपासून राघू आहे. आता सोडून देऊ का?

असा एकाएकी नका सोडू. हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात चांगुलपणा असतो, पण पिंजरा उघडून मोकळं करणं म्हणजे बऱ्याचदा त्याला मरायला सोडणं असतं. पंख छाटलेले असतात. छाटलेली पिसं गळून नवी यायला महिने जातात. उडायचे स्नायू दुबळे झालेले असतात. पाणी कुठं मिळतं, शिक्रा आला तर कसं लपायचं, मांजर म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसतं. माणसाच्या हातावर वाढलेला पोपट भूक लागली की माणसाकडेच येतो.

योग्य मार्ग म्हणजे जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाशी किंवा १९२६ या वन विभागाच्या टोल-फ्री क्रमांकावर बोला आणि पक्षी त्यांच्या ताब्यात द्या. स्वतःहून बोलणं केव्हाही चांगलं. ज्यांचे पंख आणि सवयी सुधारण्याजोग्या असतात त्यांना मोठ्या जाळीघरात ठेवून, उडायचा सराव देऊन, इतर पोपटांसोबत मिसळवून मग सोडता येतं. सगळ्यांना सोडता येत नाही, हेही खरं.

पक्षी ताब्यात देईपर्यंत त्याचे हाल होऊ देऊ नका. चहात बुडवलेलं बिस्कीट, तळलेलं, खारट, चॉकलेट, अव्होकाडो यांतलं काहीही देऊ नका. नुसती मिरची आणि हरभऱ्याची डाळ यावर पोपट जगतो खरा, पण आजारी राहून जगतो. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, म्हणून तो ती आवडीनं खातो आणि आपण समजतो की तेच त्याचं अन्न. पालेभाजी, गाजर, पेरू, बोर, भिजवलेलं कडधान्य, ज्वारी-बाजरीचं कणीस असं बदलून द्या. पिंजरा स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

घरातली वडील माणसं ऐकत नाहीत. राघू घरात असला की लक्ष्मी असते म्हणतात.

आजीला कायद्याचं कलम वाचून दाखवू नका. तिचा त्या पक्ष्यावर खरोखर जीव असतो. ‘हा गेला की दुसरा आणायचा नाही,’ एवढा शब्द तिच्याकडून घ्या. आमच्या अनुभवात हे बरंच जमतं.

पिंजऱ्यातले पोपट विकत घेऊन सोडले तर पुण्य लागेल ना?

विकणाऱ्याला पैसे मिळाले की तो दुसऱ्या दिवशी तेवढेच पकडून आणतो. सोडायला म्हणून घेतलेला पक्षीसुद्धा मागणीच वाढवतो. नका घेऊ.

तुम्ही सारखं ढोली, ढोली का म्हणता?

कारण पोपट घरटं बांधत नाही. काटक्या आणत नाही, गवत विणत नाही. त्याला तयार पोकळी लागते. सुतार किंवा तांबट पक्ष्यानं कोरून सोडून दिलेलं भोक, फांदी मोडून कुजलेली जागा, नाहीतर किल्ल्याच्या किंवा जुन्या वाड्याच्या भिंतीतलं छिद्र. फार तर तो तोंड कुरतडून थोडं मोठं करतो. डिसेंबर-जानेवारीपासून जोड्या ढोली शोधू लागतात आणि एप्रिलपर्यंत हंगाम चालतो. कीर साधारण चार ते सहा अंडी घालतो, तीनेक आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि पुढे सहा-सात आठवडे ढोलीतच वाढतात. चोराला तेवढे दिवस पुरतात.

अशी ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. पावसाळ्यात लावलेल्या रोपाला पोपट राहण्याजोगी ढोली पडेल तेव्हा आपली नातवंडं मोठी झालेली असतील. म्हणून ‘एक झाड तोडलं तर दहा लावू’ हा हिशेब पोपटाच्या कामाचा नाही. दहा रोपांत एकही ढोली नसते.

मराठवाड्यात जंगल मुळातच कमी. लातूर जिल्ह्यात तर वनक्षेत्र एक टक्काही भरत नाही. म्हणजे आपले पोपट राहतात ते बांधावरच्या कडुलिंबात, ओढ्याकाठच्या उंबरात, गावठाणातल्या चिंचेत, देवस्थानाच्या वडात, रस्त्याकडेच्या जुन्या शिरसात. रस्ते रुंद झाले तेव्हा कडेचे वड आणि चिंचा गेल्या. विहीर पाडली, शेड घातलं, वाटणी झाली की बांधावरचं झाड जातं. आंब्याची फांदी वाळली की सरपणाला जाते आणि ढोली बहुधा नेमकी वाळल्या फांदीतच असते.

छत्रपती संभाजीनगरची हिमायतबाग किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा परिसर अशा जुनी झाडं राखलेल्या ठिकाणी सकाळी नुसतं उभं राहून बघा. एकेका ढोलीवर राघू, साळुंकी, पिंगळा आणि खार यांचं भांडण चालू असतं. घरं कमी आहेत, राहणारे जास्त.

बांधावरचं झाड वाळलं आहे. ते ठेवून काय उपयोग?

पोपटाच्या दृष्टीनं वाळलेलं, पोकळ झाड गावातलं सर्वांत मोलाचं झाड. पडून कुणाला इजा व्हायची भीती नसेल तर उभं राहू द्या. धोकादायक फांदी काढायचीच असेल तर मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान काढा आणि आधी निदान अर्धा तास लांब उभं राहून ढोलीत कुणाची ये-जा आहे का ते बघा.

तोडण्याचा विषय निघालाच तर कायदा माहीत असू द्या. चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. शहरात महापालिका किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी आणि त्या अर्जावर नागरिकांना हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनं शहरी भागातल्या ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. हरकत लिहिताना ‘झाड सुंदर आहे’ एवढ्यावर थांबू नका. झाडाची जात, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवरचा घेर, ढोल्या किती, त्यांत कोण राहतं आणि तारखेसह फोटो, एवढं द्या. अशा कागदाला उत्तर द्यावं लागतं.

लाकडी घरटी लावली तर पोपट येतील का?

येतात, पण हमी नाही आणि पेटी हा ढोलीला पर्याय नाही. करायचीच असेल तर जाड फळीची करा. आतून प्रत्येक बाजू २५ सेंटिमीटर, उंची ६० सेंटिमीटर, वरच्या बाजूला साडेसात सेंटिमीटर व्यासाचं भोक. आतली भिंत गुळगुळीत ठेवू नका, पिल्लांना चढायला खाचा पाडा. तळाशी लाकडाचा भुसा किंवा छिलका चार बोटं भरा, कारण पोपट स्वतः काही आणत नाही. तळाला बारीक भोकं, बाहेरून रंग नको, तोंड दुपारच्या उन्हाकडे नको. आपल्या एप्रिलच्या उन्हात पातळ प्लायवूडच्या पेटीत पिल्लं अक्षरशः भाजतात. पत्र्याची तर मुळीच नको.

नोव्हेंबरच्या आत, चार-पाच मीटर उंचीवर लावा. साळुंकी राहायला आली तर तिला हाकलू नका. आणि महत्त्वाचं म्हणजे पेटी चोरालाही दिसते. शाळा, महाविद्यालय, मठ, वस्ती असं माणसांचं लक्ष असेल तिथंच लावा.

पिल्लं काढणारे दिसले तर काय करायचं? त्यांच्याशी भांडायचं का?

एकट्यानं अडवू नका. १९२६ किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला कळवा. जागा नेमकी सांगा, कुठल्या रस्त्यानं, कुठलं झाड, गाडीचा क्रमांक, माणसं किती. शक्य असेल तर लांबून फोटो. आपलं नाव गुप्त ठेवा असं सांगता येतं.

चोरी होऊन गेली असेल तरी तिच्या खुणा राहतात. बुंध्यावर पाय ठेवायला ठोकलेल्या खुंट्या किंवा खिळे. ढोलीच्या तोंडाशी कोयत्यानं नवं पाडलेलं, आतलं पिवळट लाकूड दाखवणारं भगदाड. खाली ताजे छिलके. आणि वर तासन्‌तास ओरडत फिरणारी जोडी, जी ढोलीत शिरते आणि लगेच बाहेर येते. तोंड असं फोडलं की ढोलीत पाऊस शिरतो, घोरपड आणि मांजर शिरतं. ती जागा पुढल्या हंगामालाही निकामी होते. एका झाडाची चोरी म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांच्या पिल्लांची चोरी, ती अशी.

खरा पहारा गावच करू शकतं. शेतात दिवसभर असलेला सालगडी, शेळ्या चारणारी बाई, सुट्टीत झाडावर चढणारी पोरं, यांना कुठल्या ढोलीत काय आहे ते आपल्या आधी माहीत असतं. पिल्लं काढणाऱ्याला ढोली दाखवणाराही बऱ्याचदा गावातलाच, दोन-पाचशे रुपयांसाठी दाखवणारा. त्याच्याशी जानेवारीत बोला, एप्रिलमध्ये बोलून उपयोग नसतो. ‘ही आपल्या गावची जोडी’ असं एकदा ठरलं की परक्या माणसाला झाडावर चढणं अवघड जातं. ग्रामसभेत एवढा ठराव केलात तरी पुष्कळ.

पोपटाचं पिल्लू खाली पडलेलं सापडलं. पुढे काय?

अंगावर पूर्ण पिसं असतील आणि ते फडफडत असेल तर ते उडायला शिकतंय. कुत्र्या-मांजरांपासून वाचेल अशा फांदीवर ठेवा आणि लांब व्हा, आई-बाप जवळच असतात. पिसं नसतील आणि ढोली हाताशी असेल तर आत परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही ही समजूत खोटी आहे.

जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वन विभागाला कळवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध देऊ नका, पक्ष्यांना ते पचत नाही. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर गेला की धाप लागलेले मोठे पक्षीही खाली येतात. त्यांना सावली आणि शेजारी उथळ भांड्यात पाणी एवढं पुरतं.

पोपट आमची ज्वारी फस्त करतात. त्यांना आम्हीच का जपायचं?

हा प्रश्न शेतकऱ्यानं विचारला की पक्षीमित्रांनी उपदेश करू नये. नुकसान खरं असतं. कणीस चिकात आलं, हुरडा धरला की थवा उतरतो, आणि पोपट खातो त्याहून जास्त खाली पाडतो. सूर्यफूल, मका, पेरू, डाळिंब यांचंही तेच.

पण हे वाढलं का, ते बघा. पूर्वी शिवारभर शाळू असायचा, पाखरांचा वाटा सगळ्यांत विभागला जायचा. आता सोयाबीन, कापूस आणि उसामध्ये एखाद्याचीच ज्वारी उभी असते आणि पंचक्रोशीतली पाखरं त्या एकाच रानात येतात. म्हणून पहिला उपाय म्हणजे चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एका वेळी पेरणी करणं. जमतं तिथं फरक पडतो.

दुसरा उपाय चमकणाऱ्या फितीचा. लाल-रुपेरी फीत खांबांना पिकाच्या वर हातभर उंचीवर ताणून बांधायची, बांधताना दोन-तीन पीळ द्यायचे, म्हणजे वाऱ्यानं ती चमकते आणि गुणगुणते. पेरणीपासून लावली तर पाखरं सरावतात. हुरडा धरायला लागला की लावा आणि काढणीपर्यंत ठेवा. राखण करायची तर सकाळचे पहिले दोन तास आणि मावळतीआधीचे दोन तास महत्त्वाचे, भर दुपारी पोपट झाडात बसून असतात. माच्यावरून डबा वाजवा, हाळी द्या, गोफण फिरवायची तर खडा मोकळ्या बाजूला जाऊ द्या. पेरू-डाळिंबाला फळावर पिशवी चढवणं सर्वांत खात्रीचं. जाळं लावायचं तर ताणून लावा. सैल नायलॉनच्या जाळ्यात पाय अडकून पक्षी दिवसभर लटकून मरतो. सकाळ-संध्याकाळ फेरी मारून अडकलेले सोडवा.

विषारी दाणे कुणी टाकत असेल तर तातडीनं थांबवा. ते पोपटापुरते राहत नाहीत. चिमण्या, होले, मोर सगळे मरतात, आणि मोर अनुसूची १ मध्ये आहे, तिथं किमान शिक्षाच तीन वर्षांची.

आमची पक्षीमित्रांना विनंती आहे की हुरडा खायला ज्याच्या शेतात जाता, त्याच्या राखणीला एक रविवार द्या.

अंगणात दाणे-पाणी ठेवावं का?

पाणी जरूर ठेवा. उथळ मातीचं भांडं, सावलीत, रोज घासून. दाण्यांपेक्षा झाडं बरी. उंबर, वड, जांभूळ, बोर, विलायती चिंच आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलणारे पळस, पांगारा, काटेसावर. या फुलांतल्या मधासाठी पोपट येतात. हातावर खायला शिकवू नका. माणसाला न भिणारा पोपट पकडायला सोपा.

पतंगाच्या मांज्याचा पोपटांशी काय संबंध?

संक्रांत जानेवारीत, पोपटांच्या जोड्या जमतात तेही जानेवारीत. संध्याकाळी थवे झाडांकडे परततात त्याच वेळी आकाशात सर्वांत जास्त पतंग असतात. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. विकताना दिसला तर पोलिसांना कळवा. आणि संक्रांत झाल्यावर झाडांत लोंबकळणारा मांजा काढायला पोरांना घेऊन निघा, कारण तो पुढे महिनोन्‌महिने मारत राहतो.

मोजणी करायची आहे, पण आम्ही काही तज्ज्ञ नाही.

पोपटांची मोजणी शिकायला सोपी आहे, कारण ते रात्री एकत्र झोपतात. गावाजवळचा त्यांचा रातथारा शोधा. संध्याकाळी थवे एकाच दिशेनं जाताना दिसतात, त्यांच्या मागानं गेलात की तो वड किंवा ती आमराई सापडते. सूर्यास्ताआधी पाऊण तास एका जागी उभे राहा आणि येणारे थवे मोजत अंधार पडेपर्यंत लिहा. दोघांनी वेगवेगळ्या बाजू घ्या. दर महिन्याला, त्याच जागी. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’चा २०२३ चा अहवाल अशाच सुमारे ३० हजार हौशी लोकांच्या नोंदींवर उभा राहिला. मराठवाड्यातून जाणाऱ्या नोंदी वाढायला हव्यात. नोंदच नसेल तर घट झाली हे तरी कशाच्या जोरावर म्हणणार?

सुरुवात करायला ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह चांगला. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून राज्यात तो साजरा होतो, आणि पोपटांचा हंगाम त्यानंतर लगेच सुरू होतो.

जगातल्या दुर्मीळ पोपटांसाठी इथं बसून काही करता येईल का?

मॉरिशसचा इको पोपट आपल्या राघूचा अगदी जवळचा भाऊबंद. १९८० च्या दशकात तो जेमतेम डझनभर उरला होता. तिथल्या लोकांनी ढोल्या दुरुस्त केल्या, पेट्या लावल्या, उंदरांपासून अंडी राखली, पिल्लं हातानं वाढवून परत सोडली. आज ते ७०० हून अधिक आहेत. ब्राझीलचा निळा स्पिक्स मकाव मात्र २००० मध्ये जंगलातून नाहीसा झाला. तो राहायचा कोरड्या, काटेरी मुलखात, हंगामी ओढ्यांच्या काठच्या जुन्या झाडांच्या ढोल्यांमध्ये. मराठवाड्याच्या माणसाला तो मुलूख चांगलाच समजेल. ती झाडं तुटली आणि उरलेले पक्षी शौकिनांसाठी चोरले गेले. पिंजऱ्यांतल्या पक्ष्यांची वीण वाढवून २०२२ मध्ये काही मकाव पुन्हा तिथं सोडण्यात आले.

इथून करायचं ते एवढंच. मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे विकत घ्यायचे नाहीत, आणि ‘किती गोड बोलतो’ म्हणून त्यांचे घरगुती व्हिडिओ पुढे पाठवायचे नाहीत. ते पाहूनच पुढचा माणूस दुकानात चौकशी करतो.

पोपटाच्या ढोलीचा फोटो ग्रुपवर टाकला तर चालेल का?

हंगाम संपेपर्यंत नको. टाकलाच तर गावाचं नाव, रस्ता, ओळखू येणारं देऊळ किंवा टाकी त्यात नको आणि फोनमधली जागेची नोंद बंद ठेवा. करणची ढोली असेल तर ग्रुपवर टाकूच नका, वनरक्षकाला प्रत्यक्ष भेटून दाखवा. आणि फोटो काढताना ढोलीपासून इतकं लांब राहा की जोडी चोचीत चारा धरून फांदीवर ताटकळत बसणार नाही.